‘मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?’ – गाडीचा विमा बदलतानाचा माझा अनुभव

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी गाडीची विमा कंपनी बदलली. आता जी कंपनी आहे ती चार सरकारी कंपन्यांपैकी एक आहे आणि तिची शाखा आमच्या चिपळुणातच आहे. आधीची कंपनी खासगी होती. कुठल्याच कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एका शाखेवरून किंवा फोनवरच्या एका मुलावरून अख्ख्या कंपनीला चांगलं-वाईट म्हणणं मला पटत नाही. पण कंपनी निवडताना मी काय पाहिलं, कुणी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते सगळं सांगते. पतसंस्थेत बावीस वर्षं कर्जाचे कागद तपासलेत. अर्जातल्या एका खोट्या उत्तराने माणूस कुठे जाऊन अडकतो ते टेबलाच्या त्या बाजूने पुष्कळदा पाहिलं आहे.

आधी गाडीबद्दल. पेट्रोलवर चालणारी ११९७ सीसीची साधी हॅचबॅक, नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतलेली. त्या आधीची गाडी २२ जुलै २०२१ च्या पुरात गेली. वाशिष्ठीचं पाणी पहाटे आमच्या आवारात शिरलं आणि उजाडेपर्यंत स्टेअरिंगला लागलं होतं. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी त्यांची गाडी एकदा चालू करून पाहिली आणि इंजिन जागीच जॅम झालं. पुराचं पाणी गाडीत शिरून झालेलं नुकसान स्वतःच्या गाडीची भरपाई देणाऱ्या साध्या पॉलिसीत बसतं, पण पाणी भरलेलं इंजिन चालू केल्यामुळे झालेलं नुकसान कंपन्या सहसा वेगळं काढतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं जोड-संरक्षण, लागतं. त्यांच्याकडे ते नव्हतं. आमच्या ह्यांनी किल्लीला हातसुद्धा लावला नाही, गाडी टोचन करून गॅरेजला नेली. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला, म्हणून टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरून कंपनीने पैसे दिले.

त्या क्लेमबरोबर आमचा ५० टक्के नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूटसुद्धा गेली. मी तेव्हा चिडले होते. पूर काय आम्ही आणला? पण एनसीबीचा नियम चूक कुणाची ते विचारत नाही, फक्त क्लेम घेतला की नाही एवढंच विचारतो. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. ही सूट ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर मिळते; थर्ड पार्टीवर, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्यावर, नाही. आणि ती गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली तर कंपनीकडून पत्र घेऊन तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र जाते. क्लेम घेतला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तर नवी गाडी शून्यावरून सुरू झाली. २०२२ ला २० टक्के, २०२३ ला २५. मधे एकदा एसटी स्टँडजवळ कुणीतरी मागचा दिवा फोडला. ४,२०० रुपये खर्च आला, तो खिशातून भरला. मग मे २०२४ मध्ये वळवाच्या वाऱ्यात आंब्याची मोठी फांदी गाडीवर पडली. बॉनेट, पुढची काच, बंपर. बिल झालं ३१,६०० रुपये. झिरो डेप, म्हणजे भागांच्या झिजेपोटी पैसे न कापणारं ॲड-ऑन, होतं, त्यामुळे अनिवार्य कपातीचे १,००० आणि ऑईल-क्लिप वगैरे किरकोळ ७८० वजा जाऊन २९,८२० रुपये कंपनीने गॅरेजला दिले. जुन्या कंपनीबद्दल त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

मग नोव्हेंबर जवळ आला. हे तिसरं वर्ष संपणारं, म्हणजे यंदा थर्ड पार्टीसुद्धा घ्यायची होती. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी सुरुवातीलाच घ्यावी लागते. त्यामुळे मधल्या दोन वर्षांत आपण फक्त ओन डॅमेज भरतो आणि चौथ्या वर्षाचा आकडा बघून दचकतो. माझ्या गाडीच्या गटाला, म्हणजे १००० ते १५०० सीसीला, थर्ड पार्टीचा दर तेव्हा ३,४१६ रुपये होता. हा दर सरकार ठरवतं, कुठल्याही कंपनीत तेवढाच. जो काही फरक पडतो तो ओन डॅमेज आणि ॲड-ऑनमध्ये. जुन्या कंपनीने रिन्यूअलसाठी १८,२०० सांगितले. ते फार वाटले म्हणून मी इतर ठिकाणी विचारायला लागले.

पहिली चौकशी मोबाईल ॲपवर चालणाऱ्या कंपनीची. गाडीचा नंबर टाकला की इंजिन नंबर, चासी नंबर, सगळं आपोआप येतं. मग प्रश्न येतो: मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का? माझ्या स्क्रीनवर उत्तर आधीच ‘नाही’ असं निवडलेलं होतं. मी बदलून ‘हो’ केलं. रक्कम लगेच वाढली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून एका मुलाचा फोन आला, बोलायला अगदी नम्र. म्हणाला, “मॅडम, तुम्ही क्लेम ‘हो’ केलंय, त्यामुळे पस्तीस टक्के सूट जातेय. ‘नाही’ करून टाका ना, सगळे तसंच करतात.” मी म्हटलं, “बाळा, उद्या माझा क्लेम आला तर तू कंपनीला सांगशील का की तू मला असं करायला सांगितलंस?” तो गप्प झाला, मग म्हणाला, “तुमची मर्जी, मॅडम.”

दुसरी चौकशी गाडीच्या शोरूममध्ये. तिथे काउंटरवरच्या माणसाने तर मला न विचारताच फॉर्मवर शून्य क्लेम लिहिला. मी दाखवून दिलं तेव्हा म्हणाला, “अहो ताई, फांदीच पडली ना, तो काय ॲक्सिडेंट नाही.” हा गैरसमज अनेकांचा आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. फांदी पडो, पूर येवो, माकडाने काच फोडो, ओन डॅमेजमधून पैसे घेतले की तो क्लेम.

आता फरक किती पैशांचा होता ते सांगते. सरकारी कंपनीने दिलेला हिशेब समोर ठेवून लिहिते आहे. ओन डॅमेज ६,४००, झिरो डेप १,९५०, इंजिन प्रोटेक्ट ६५०, मालक-चालकाचा अपघात विमा ३३०, थर्ड पार्टी ३,४१६. बेरीज १२,७४६, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५,०४० रुपये. क्लेम लपवला असता तर ६,४०० वर ३५ टक्के सूट, जीएसटीसह २,६४३ रुपये वाचले असते. वर्षाला २,६४३.

आणि एवढ्यासाठी आपण काय लिहून देतो ते बघा. प्रपोजलमध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, एनसीबीबद्दल एक घोषणा असते: मी मागितलेला बोनस बरोबर आहे, संपणाऱ्या पॉलिसीत क्लेम झालेला नाही, आणि हे खोटं निघालं तर पॉलिसीच्या पहिल्या विभागातले सगळे फायदे जप्त होतील. पहिला विभाग म्हणजेच ओन डॅमेज. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा अख्खा भाग. थर्ड पार्टीचं संरक्षण राहतं, पण आपल्या गाडीचं काही उरत नाही. ॲपवर ही घोषणा एका छोट्या चौकोनात बसवलेली असते आणि आपण न वाचता खूण करतो.

माझ्या चुलत दिरांचं हेच झालं. ते खेडला असतात. त्यांनी आदल्या वर्षी बंपरचा १८,००० चा क्लेम घेतला होता. पुढच्या वर्षी कंपनी बदलताना ऑनलाईन ‘नाही’ राहू दिलं, बदलावं हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही असं ते सांगतात, आणि मला ते खरं वाटतं. कुंभार्ली घाटात उतरताना गाडी कठड्याला घासत गेली. माणसं वाचली. दुरुस्तीचा अंदाज १,३६,००० रुपये. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडून एनसीबीची खात्री मागवली आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं की ओन डॅमेजचा क्लेम देता येत नाही. जाऊबाईंच्या पाटल्या आमच्याच पतसंस्थेत तारण ठेवून गाडी गॅरेजमधून सोडवली. त्या सोनेतारणाचा फॉर्म माझ्याच टेबलावर आला होता. जाऊबाई सहीसाठी पेन शोधत होत्या तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

दिरांचं म्हणणं असं की कंपनीने पॉलिसी देतानाच का नाही तपासलं? प्रश्न चुकीचा नाही. जुन्या मोटार टॅरिफात, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या नियमावलीत, नियम होता की नव्या कंपनीने विमा दिल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीकडे लेखी विचारणा करावी. प्रीमियम घेताना गप्प बसायचं आणि क्लेम आल्यावर फाईल उघडायची, हे मला पतसंस्थेच्या शिस्तीत बसणारं वाटत नाही. कर्ज देण्याआधी आम्ही सात-बारा बघतो, हप्ता थकल्यावर नाही. पण कंपनीची चूक कंपनीच्या जागी. आपण खाली सही केलेली असते आणि भांडायला जायचं तर त्या सहीपासून सुरुवात होते. अशा वेळी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्यायचं, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जायचं. त्यांची कार्यालयं आपल्याकडे मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. दिरांनी तो रस्ता घेतला नाही. मी सांगितलं होतं.

ज्यांच्याकडून नकळत ‘नाही’ गेलं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट: पॉलिसी चालू असताना, काही घडायच्या आधी, कंपनीला कळवून सुटीचा फरक भरता येतो. त्याची एंडोर्समेंट मिळते, म्हणजे पॉलिसीला जोडलेला दुरुस्तीचा कागद. कामाला अर्धा तास लागतो.

आता कंपनी निवडण्याबद्दल. मी आधी आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वार्षिक अहवालातले आकडे बघितले, म्हणजे गोळा झालेल्या प्रीमियममधला किती हिस्सा क्लेममध्ये जातो ते. फार कमी असेल तर कंपनी हात आखडता घेत असावी, शंभरच्या वर असेल तर ती तोट्यात धंदा करतेय. पण हे आकडे देशभराचे असतात. चिपळूणच्या गाडीला चिपळुणात काय मिळतं ते त्यातून कळत नाही.

म्हणून मी खेर्डीतल्या दोन गॅरेजवाल्यांना जाऊन विचारलं की कुठल्या कंपनीचे पैसे तुमच्याकडे वेळेवर येतात. दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली, पण एका सरकारी कंपनीचं नाव दोघांच्याही तोंडून आलं. तिच्या वतीने नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाबद्दल एकजण म्हणाला, “सर्व्हेअर कडक आहे, प्रत्येक स्क्रू मोजतो. पण एकदा लिहिलं की पैसे येतात, नंतर कापाकापी नाही.” मला हेच हवं होतं. ॲपवाल्या कंपनीचं सगळ्यात जवळचं कॅशलेस गॅरेज, जिथे कंपनी थेट बिल भरते ते, रत्नागिरीला, म्हणजे नव्वद किलोमीटरवर. महिन्यातून चारदा सासूबाईंना डेरवणच्या हॉस्पिटलला न्यावं लागतं. गाडी आठवडाभर रत्नागिरीत अडकून पडली तर आमचं चालत नाही. सरकारी कंपनीच्या यादीत खेर्डीतली दोन गॅरेज होती. मी त्या यादीवर निर्णय घेतला, हजार-पाचशेच्या फरकावर नाही.

शाखेतला अनुभव. काउंटरवर एक बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी पहिल्यांदा जुनी पॉलिसी मागितली आणि लगेच विचारलं, “यंदा काही क्लेम?” मी सेटलमेंटचं पत्र पुढे केलं. त्यांनी क्लेम नंबर, तारीख, रक्कम प्रपोजल फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिली आणि मला वाचून दाखवली. “पुराचा पण होता का?” असंही विचारलं. चिपळूणच्या माणसाला हा प्रश्न सुचतोच. तो जुन्या गाडीचा होता, या फॉर्ममध्ये विचारलेला नव्हता, तरी मी सांगितलं. त्यांनी इंजिन प्रोटेक्ट घ्या म्हणून सुचवलं आणि ६५० रुपयांत ते बसवलं. त्यांनी सुचवलं नसतं तरी मी घेणारच होते, पण सुचवलं याचं मला बरं वाटलं.

उणिवाही सांगते. केवायसीचे कागद दोनदा द्यावे लागले, कारण पहिल्यांदा सिस्टीम बंद पडली. पैसे भरले त्या दिवशी पावती मिळाली, पॉलिसीची पीडीएफ मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी आली. वेबसाईटवर लॉगिन करताना ओटीपी येत नाही तो येतच नाही. आणि मालकाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते दुरुस्त करायला पुन्हा एक खेप झाली. ज्यांना सगळं मोबाईलवर पाच मिनिटांत हवं आहे त्यांना हे जड जाईल.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये बहादूरशेख नाक्यावर सिग्नलपाशी उभी असताना एका टेम्पोने मागून धडक दिली. डिकीचं झाकण, मागचा बंपर, एक दिवा. बिलाचा अंदाज २२,३५०. मी क्लेम घ्यायचा की नाही याचा हिशेब केला आणि तो इथे मांडते, कारण बरेच लोक फक्त एकाच वर्षाचा बोनस बघतात.

फांदीच्या क्लेमच्या वेळी क्लेम घेतला नसता तर पुढली वर्षं ३५, ४५, ५०, ५०, ५० टक्के अशी सूट मिळाली असती. घेतल्यामुळे ०, २०, २५, ३५, ४५ मिळणार. फरकांची बेरीज १०५ टक्के. ओन डॅमेज ६,४०० च धरला तर ६,७२० रुपये, जीएसटीसह ७,९३० च्या आसपास. म्हणजे त्या वेळी आठ हजारांच्या आतलं काम खिशातून केलेलं बरं होतं, आणि दिव्याचे ४,२०० मी भरले ते बरोबरच केलं. पण या वेळी मी आधीच शून्यावर होते. न घेतला तर २०, २५, ३५, ४५, ५०, घेतला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरक फक्त ५० टक्के, जीएसटीसह ३,७७६ रुपये. बोनस जितका खाली, तितका क्लेम स्वस्त पडतो. २२ हजारांसाठी क्लेम घेणं उघड फायद्याचं होतं.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी गॅरेजला आले. गाडीभोवती फिरून त्यांनी बॉनेटवर बोट ठेवलं आणि विचारलं, “इथे रंगकाम झालंय. आधी काही झालं होतं?” मी म्हटलं, “मे महिन्यात फांदी पडली होती, तुमच्या फाईलमध्ये आहे.” त्यांनी मोबाईलवर फाईल उघडली, प्रपोजलवर बाईंनी लिहिलेला क्लेम नंबर बघितला, मान हलवली आणि मागच्या बाजूला गेले. आधीचा क्लेम मी लपवला असता तर त्या ताज्या रंगाचं काय सांगणार होते मी? आणि मागच्या बंपरचा क्लेम त्या पुढच्या बॉनेटपाशीच अडला असता. तेवढ्या दोन मिनिटांत मला खेडच्या त्या पत्राची फार आठवण झाली.

अनिवार्य कपातीचे १,००० आणि किरकोळ ४५० मी भरले. उरलेले २०,९०० कंपनीने थेट गॅरेजला दिले. धडक झाल्यापासून गाडी हातात यायला अकरा दिवस लागले, त्यातले चार दिवस दिवा कोल्हापूरहून यायला. सर्व्हेअरने खरोखरच प्रत्येक वस्तू मोजली. गॅरेजवाल्याने लावलेल्या पार्किंग सेन्सरच्या एका वायरचे पैसे नाकारले, कारण ती आधीपासून तुटलेली होती. ते बरोबर होतं.

सेवेला पाचपैकी चार देते. एक गुण वेबसाईट आणि स्पेलिंगसाठी कापला. काउंटरवरच्या बाईंना वेगळे गुण द्यायची सोय असती तर पाचपैकी पाच दिले असते, कारण त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं.

जाणार असाल तर बरोबर हे न्या: चालू पॉलिसीची प्रत, आरसी, आधार, पॅन, आणि वर्षभरात क्लेम झाला असेल तर सेटलमेंटचं पत्र. पत्र सापडत नसेल तर जुन्या कंपनीला ईमेल करा, मला तीन दिवसांत पाठवलं होतं. प्रपोजल फॉर्मची झेरॉक्स मागून घ्या, सहसा कुणी देत नाही, पण मागितली तर देतात. माझी गाडीच्या कप्प्यात आरसीच्या मागेच ठेवलेली असते.